महिलांनी गोल्फ का खेळावा? फायदे, सुरुवात आणि घ्यायची काळजी

माझा दवाखाना नवी मुंबईतील एपीएमसी मार्केटच्या परिसरात आहे. मसाला आणि धान्य मार्केटमध्ये माल निवडणाऱ्या महिला, गाळ्यावर हिशेब पाहणाऱ्या, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या आणि व्यापारी कुटुंबांतील गृहिणी, अशा सगळ्या जणी येथे येतात. वाढलेली शुगर, बीपी, गुडघेदुखी, कंबरदुखी आणि 'झोप लागत नाही' या त्यांच्या नेहमीच्या तक्रारी. "व्यायाम करता का?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "दिवसभर पळापळच असते, डॉक्टर."

म्हणून मी आता प्रश्न बदलला आहे. "शेवटचं कधी खेळलात?" असे विचारतो. आधी शांतता, मग हसू आणि मग उत्तर: "शाळेत. लंगडी, खो-खो." म्हणजे तीस-पस्तीस वर्षांची सुट्टी! पुरुष निदान रविवारी क्रिकेटची बॅट हातात घेतात. महिलांचा खेळ मात्र शाळेच्या मैदानावरच थांबतो.

तो चाळिशी-पन्नाशीत पुन्हा सुरू करता येतो. त्यासाठी योग्य असलेल्या, पण आपल्याकडे महिलांना क्वचितच सुचवल्या जाणाऱ्या एका खेळाची माहिती या लेखात घेऊ. तो खेळ म्हणजे गोल्फ.

कामाची दमछाक म्हणजे व्यायाम का?

पूर्णपणे नाही. कामात शरीर थकते, पण बहुतेक वेळा एकाच स्थितीत. उकिडवे बसून निवडणे, वाकून उचलणे किंवा ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहणे यात तेच स्नायू ताणले जातात आणि विश्रांतीची वेळ आपल्या हातात नसते. व्यायामात हालचाल मोकळी असते, श्वास आणि नाडीचा वेग काही काळ वाढलेला राहतो आणि नंतर शरीराला सावरायला वेळ मिळतो. कामातील कष्ट आणि मोकळ्या वेळेतील व्यायाम यांचा हृदयावर होणारा परिणाम सारखा नसतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारे व्यायाम करावेत. याच संघटनेच्या तज्ज्ञांनी 2024 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार भारतातील सुमारे 57 टक्के महिलांची हालचाल पुरेशी नाही. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे 42 टक्के आहे.

गोल्फमुळे शरीराला काय मिळते?

टीव्हीवर पाहून हा खेळ आरामाचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचा गाभा चालणे हाच आहे.

* चालणे: पायी खेळल्यास 18 होलच्या एका डावात साधारण 8 ते 10 किलोमीटर चालणे होते. 9 होल खेळल्यास त्याच्या निम्मे. गवत आणि चढ-उतारावर चालल्याने तोल सांभाळण्याचा सरावही होतो.
* सांध्यांवर कमी आघात: यात धावणे-उड्या नाहीत. त्यामुळे वजन जास्त असलेल्या किंवा गुडघ्याची सौम्य झीज असलेल्या महिलांनाही तो अनेकदा जमतो.
* कंबर, पोट आणि खांदे: चेंडू मारताना ताकद पायांतून, नितंबांतून आणि पोटाच्या स्नायूंतून वर येते. दिवसभर पुढे वाकून काम करणाऱ्या शरीराला ही वळण्याची हालचाल क्वचितच मिळते.
* मन: दोन-अडीच तास उघड्यावर, हिरवळीवर आणि सोबतीने जातात. ताण आणि झोपेच्या तक्रारींत याचा उपयोग होऊ शकतो.

स्वीडनमधील सुमारे 3 लाख गोल्फपटूंच्या नोंदींवर आधारित अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गोल्फपटूंमधील मृत्यूदर त्याच वयाच्या आणि आर्थिक स्तराच्या इतर लोकांपेक्षा सुमारे 40 टक्के कमी आढळला. याचा अर्थ गोल्फ आयुष्याची हमी देतो असा नव्हे. जे आधीच निरोगी असतात तेच खेळायला जातात, हेही यामागचे एक कारण असू शकते. पण वर्षानुवर्षे नियमित चालण्याचा फायदा पक्का आहे.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. रजोनिवृत्तीनंतर हाडे आणि स्नायू टिकवण्यासाठी फक्त गोल्फ पुरेसा नाही. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून दंड किंवा हलकी वजने यांसारखे व्यायाम करावेत.

वय झाले आहे, आता शिकता येईल का?

येईल. इतर अनेक खेळांत नवख्या माणसाला सोबती मिळत नाही. गोल्फमध्ये 'हँडिकॅप' पद्धत असते. कमी अनुभवी खेळाडूला ठरावीक फटक्यांची सूट मिळते. त्यामुळे आई आणि मुलगी किंवा नवखी आणि जुनी खेळाडू एकाच डावात बरोबरीने खेळू शकतात. चेंडू जेथून पहिल्यांदा मारतात ती जागाही जवळची निवडता येते.

भारतीय महिलांनी या खेळात मोठी मजल मारली आहे. बंगळूरूची अदिती अशोक 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथी आली. तिचे कांस्यपदक अवघ्या एका फटक्याने हुकले. त्या स्पर्धेत तिची बॅग वाहायला तिची आई सोबत होती. मुलीला क्लासला सोडून बाहेर बाकावर बसणाऱ्या आयांना मी हे आवर्जून सांगतो. तुम्हीही मैदानात उतरू शकता.

सुरुवात कशी करावी?

1. आधी चार आठवडे चाला. रोज 20 ते 30 मिनिटे, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने.
2. थेट कोर्सवर जाऊ नका. आधी ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे एका जागी उभे राहून चेंडू मारण्याच्या सरावाच्या जागी जा. पहिल्या दिवशी 30 ते 40 चेंडू पुरे.
3. प्रशिक्षकाकडून शिका. निदान पहिले काही धडे. चुकीच्या पद्धतीने वळण्याची सवय लागली की कंबर आणि कोपर दुखू लागतात.
4. स्वतःच्या मापाचा क्लब घ्या. गोल्फच्या काठीला क्लब म्हणतात. पतीचा जड आणि लांब क्लब वापरू नका. महिलांसाठी हलके आणि आखूड क्लब मिळतात. सुरुवातीला भाड्याने किंवा जुने घेतले तरी चालतील.
5. दहा मिनिटे वॉर्म-अप करा. खांदे, मनगटे, कंबर आणि नितंब मोकळे केल्याशिवाय जोरात फटका मारू नका.
6. बॅग खांद्यावर लटकवण्यापेक्षा ढकलगाडी वापरा. गुडघे चांगले असतील तर बॅटरीवरची बग्गी टाळा, नाहीतर चालण्याचा फायदाच निघून जाईल.

कुठे खेळता येईल?

नवी मुंबईत सिडकोने उभारलेला खारघर व्हॅली गोल्फ कोर्स सेंट्रल पार्कजवळ आहे. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब 1927 पासूनचा आहे, पण तो सभासदांचा क्लब आहे. जाण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा: सभासद नसलेल्यांना प्रवेश आहे का, नवख्यांसाठी प्रशिक्षण आहे का आणि महिलांसाठी स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची सोय कशी आहे. शेवटचा प्रश्न विचारताना संकोचू नका. केवळ या एका कारणामुळे अनेक महिला दुसऱ्यांदा मैदानावर जात नाहीत.

नियमितपणा कसा टिकवावा?

महिन्यातून एकदा 18 होल खेळण्यापेक्षा आठवड्यातून एकदा 9 होल आणि एकदा रेंजवर सराव करणे शरीरासाठी चांगले. बाकीचे दिवस चालावे. एकटीचा बेत घरच्या कामापुढे मोडतो, चौघींचा सहसा मोडत नाही. तुमची भिशी असेल तर त्याच मैत्रिणींना विचारा. महिन्यातून एक भेट हॉटेलऐवजी रेंजवर ठेवा. आठवड्यातील दिवस आणि वेळ घरात आधीच सांगून ठेवा, जशी मुलांच्या क्लासची वेळ सगळ्यांना माहीत असते तशी.

कोणती काळजी घ्यावी?

* मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर एकदम खाली आणू शकणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर लांब डावात साखर कमी होऊ शकते. खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवा. डोस स्वतःच्या मनाने बदलू नका.
* रक्तक्षय: लवकर धाप लागत असेल तर 'सवय नाही' असे म्हणून सोडू नका. आधी हिमोग्लोबिन तपासा.
* हाडांचा ठिसूळपणा किंवा मणक्याचे जुने फ्रॅक्चर: जोरात वळणे धोक्याचे ठरू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.
* फटका मारताना लघवी निसटणे: बाळंतपणानंतर आणि पन्नाशीनंतर ही तक्रार बरीच आढळते. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने ती अनेकदा कमी होते. यासाठी खेळ सोडू नका, डॉक्टरांशी बोला.
* ऊन आणि पाऊस: सकाळी लवकर खेळा, टोपी घाला, पाणी सोबत ठेवा. विजा चमकू लागल्या की क्लब बाजूला ठेवून पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली थांबू नका.
* 'फोर!' अशी हाक: ती ऐकू आली की मान खाली घालून दोन्ही हातांनी डोके झाका. चेंडू तुमच्या दिशेने येत असतो.

खेळ थांबवून डॉक्टरांकडे कधी जावे?

छातीत दडपण, जबडा किंवा हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, थंड घाम, चक्कर किंवा अचानक आलेला विलक्षण थकवा असेल तर खेळ लगेच थांबवा आणि तातडीने रुग्णालय गाठा. महिलांमध्ये हृदयविकाराचा झटका छातीत तीव्र कळ न येताही येऊ शकतो. कंबरदुखी पायात उतरत असेल किंवा कोपराचे दुखणे दोन आठवड्यांत कमी होत नसेल, तरीही तपासून घ्या.

गोल्फ परवडत नसेल तर?

हा खेळ प्रत्येकीच्या खिशाला झेपणारा नाही, हे मान्य करायला हवे. पाठीवर माल घेणाऱ्या किंवा दिवसभर निवडायला बसणाऱ्या माझ्या रुग्णांना मी गोल्फ कोर्सचा पत्ता देत नाही. त्यांना मी सांगतो की गोल्फमधून जे मिळते ते इतरत्रही मिळवता येते: मोकळी हवा, सलग चालणे, कंबर-खांद्यांची मोकळी हालचाल आणि मैत्रिणींची सोबत. वाशीच्या मिनी सीशोरवर तिघींनी मिळून चालणे, सोसायटीत बॅडमिंटन किंवा मार्केटला सुट्टी असेल त्या दिवशी मुलांसोबत लगोरी. काहीही चालेल, पण ते ठरवून आणि दर आठवड्याला व्हायला हवे.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा शुगरच्या रिपोर्टसोबत आणखी एक गोष्ट सांगा: या आठवड्यात तुम्ही किती वेळ खेळलात. औषधाचा डोस ठरवताना आम्हाला ती माहिती खरोखरच उपयोगी पडते.

*ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुम्हाला जुना आजार असेल, तर नवा खेळ सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*