कातडं कमावणाऱ्यांची कातडी

हा लेख एका ट्यूबपासून सुरू होतो.

माझ्या धाकट्या बहिणीला बघायला एक पोरगा आला होता. पोरगा आपलाच. जयंतीला भाषण ठोकणारा, रात्र रात्र जागून भिंतीवर निळ्या अक्षरांत घोषणा लिहिणारा. पोहे खाल्ले, जय भीम केला, गेला. आठ दिवसांनी निरोप आला. मुलगी शिकलेली आहे, वळणाची आहे, पण रंगानं जरा डावी आहे.

बहीण काही बोलली नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून तिनं एक ट्यूब आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. पंधरा दिवसांत तोंड उजळलं. आय खूश. तिसऱ्या महिन्यात गाल लालबुंद, उन्हात गेलं की नुसती आग, कपाळभर पुटकुळ्या, हनुवटीवर लव. ट्यूब बंद केली तर आग दुप्पट. मला म्हणली, "दादा, माझ्या तोंडाला हे काय झालं रे?"

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ट्यूब उलटीसुलटी करून बघितली आणि कपाळाला हात लावला. ट्यूबमध्ये तीन औषधं होती. एक स्टिरॉइड, एक ट्रेटिनॉइन आणि एक हायड्रोक्विनोन. वांगावर थोडे दिवस, डॉक्टरच्या नजरेखाली लावायचं हे औषध. पावडरीसारखं रोज थापायचं नव्हे. स्टिरॉइडनं कातडी पातळ होते, पातळ कातडी आधी उजळ दिसते आणि मग फाटते. असे चेहरे आपल्या देशात इतके झाले की डॉक्टर लोकांना या रोगाला वेगळं नाव द्यावं लागलं.

घरी येऊन मी ट्यूबवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. हायड्रोक्विनोन. हा शब्द आला कुठून? शोधत गेलो आणि जाऊन पोचलो कुठं, तर टॅनरीत.

०

गोष्ट १९३९ सालची. अमेरिकेतल्या एका टॅनरीत कातडं कमावणाऱ्या मजुरांच्या हातांवर पांढरे चट्टे उठायला लागले. बोटं, पंजे, मनगटाच्या वर. जिथवर रबरी हातमोजा चढायचा तिथवर. मजुरांत काळे लोक होते, त्यांच्या हातांवर हे चट्टे लगेच डोळ्यांत भरले. डॉक्टरांनी तपास केला. रबर लवकर चिरू नये म्हणून त्यात एक रसायन घातलेलं होतं, हायड्रोक्विनोनचा मोनोबेंझिल ईथर. त्यानं मजुरांच्या हाताचा रंग खाल्ला होता. त्याच साली हा अहवाल अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या मासिकात छापून आला.

आपल्याकडं कातडं कमावणं ढोर समाजाच्या माथी मारलं गेलं. मेलेल्या जनावराची घाण, चुन्याचं पाणी, सडका वास. तिकडं असलं काम गुलामांच्या नातवंडांच्या वाट्याला आलं. दोघांचे हात सारखेच सोललेले. साध्या माणसाच्या मनात काय येईल? मोजे बदला, मजुरांना भरपाई द्या. पण बाजाराचं डोकं वेगळं चालतं. बाजार म्हणाला, काळ्याला पांढरं करणारं रसायन सापडलं! मजुराला झालेल्या रोगाचा त्यांनी माल केला.

पुढं याच घराण्यातली रसायनं तोंडाच्या क्रीममध्ये आली. मोनोबेंझिल ईथर रंग कायमचा उडवतो, आणि जिथं लावला नाही तिथंही पांढरे ठिपके उठवतो. म्हणून तो मागं पडला आणि त्याचा सौम्य भाऊ म्हणून हायड्रोक्विनोन पुढं आलं.

या क्रीमना मोठं गिऱ्हाईक मिळालं दक्षिण आफ्रिकेत. तिथं १९५० च्या कायद्यानं प्रत्येक माणसाचा वंश सरकारी वहीत नोंदला होता. त्या नोंदीवर त्याची वस्ती, शाळा, नोकरी ठरायची. १९४९ च्या कायद्यानं गोऱ्याशी लग्न बंद. अशा राज्यात काळी बाई तोंडाला क्रीम लावत होती ती काय नुसत्या हौसेनं? रंग दोन पायऱ्या उतरला तर माणूस दोन पायऱ्या चढत होता.

१९७५ साली तिथल्या फिंडले नावाच्या त्वचारोग डॉक्टरनं सहकाऱ्यांसोबत लिहून जाहीर केलं की या क्रीम लावणाऱ्या काळ्या बायकांच्या गालांवर निळे-काळे, खरबरीत डाग पडताहेत. रंग घालवायला जे लावलं त्यानंच तोंड काळवंडलं. डॉक्टरी भाषेत त्याला ऑक्रोनोसिस म्हणतात. हे डाग जाता जात नाहीत. आणि डाग झाकायला बाई आणखी क्रीम लावते.

तिथल्या चळवळीनं हा प्रश्न बायकांच्या नटण्यामुरडण्याचा म्हणून सोडून दिला नाही. १९७६ साली कार्यकर्त्यांवर खटला चालू असताना स्टीव्ह बिको साक्षीला उभा राहिला. 'काळं ते सुंदर' म्हणजे काय असं विचारल्यावर त्यानं भर कोर्टात या क्रीमचा विषय काढला. काळ्या माणसाला स्वतःला नाकारायला शिकवलंय आणि ही घोषणा त्या नाकारण्यावर घाव घालते, असा त्याचा मुद्दा होता. १२ सप्टेंबर १९७७ ला बिको पोलीस कोठडीत मारला गेला. पण मुद्दा मेला नाही. कार्यकर्ते आणि डॉक्टर मागं लागले आणि १९९० साली तिथं नियम झाले. सौंदर्यप्रसाधनात हायड्रोक्विनोन बंद. नुसतं रसायन बंद करून ते थांबले नाहीत. कातडी गोरी करतो, उजळ करतो, असं जाहिरातीत म्हणण्यावरही बंदी.

०

आता आपल्याकडं या. तिकडं फिंडले डागांबद्दल लिहीत होता त्याच १९७५ साली हिंदुस्थान लीव्हरनं फेअर अँड लव्हली बाजारात आणली. गोरेपणाचा सोस त्या कंपनीनं जन्माला घातला असंही नाही. मुंबईच्या पाटणवालांचा अफगाण स्नो १९१९ पासून विकला जात होता. आणि त्याच्याही आधी आजीबाईंचं हळद-बेसन होतंच.

खरं तेच लिहू. फेअर अँड लव्हलीत हायड्रोक्विनोन नव्हतं. तिचा पाया निआसिनामाइड, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, आणि ऊन अडवणारी द्रव्यं. त्यानं कातडी जळत नाही. जळतं दुसरंच काही. काळी पोरगी रडते, क्रीम लावते, गोरी होते, तिला नोकरी लागते, नवरा मिळतो. पन्नासेक वर्षं ही एकच गोष्ट आपल्या आया-बहिणींना दाखवली गेली. २००५ पासून पुरुषांसाठी वेगळी क्रीम आली, म्हणजे पोरंही त्याच रांगेत. जाहिरातीत काळ्या माणसाला दुःखी, मागं पडलेला दाखवू नका, असं जाहिरातवाल्यांच्याच परिषदेनं २०१४ साली सांगितलं. २०२० साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं गुडघ्याखाली मारलं, जगभर काळे लोक रस्त्यावर आले, तेव्हा कुठं 'फेअर' शब्द पुसून 'ग्लो' लिहिला गेला. आपल्या वस्तीतल्या पोरींच्या रडण्यानं तो पुसला गेला नव्हता, हे ध्यानात ठेवा.

०

कुणी म्हणेल, अहो, काळा रंग म्हणजेच आपली जात, हे तर जगजाहीर आहे. इथंच बाबासाहेब वाचायला हवेत.

इंग्रज अधिकारी रिस्ले नाकं मोजत फिरला आणि म्हणाला, नाक जितकं बसकं तितकी जात खालची. बाबासाहेबांनी हे मानलं नाही. १९३६ साली जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी मांडलं की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे; मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. जात ही वंशाची वाटणी नाही. १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या ग्रंथात त्यांनी नाकाची मापं त्यांच्यावरच उलटवली आणि दाखवलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांची मापं जुळतात.

उत्तरेत एक म्हण आहे, काळ्या बामणासोबत आणि गोऱ्या चांभारासोबत नदी ओलांडू नये. म्हणजे काळे बामण होते, गोरे चांभार होते, हे म्हण करणाऱ्यालाही ठाऊक होतं. फक्त तसा माणूस दिसला की त्याला ती गडबड वाटायची. जात आधी ठरली. रंग तिच्यावर मागून चिकटवला. मग आपली पोरगी आरशात बघते तेव्हा तिला दिसतं ते काय? रिस्लेची फूटपट्टी.

कातडीचं शास्त्रही हेच सांगतं. रंग तयार करणाऱ्या पेशी काळ्या-गोऱ्या सगळ्यांत जवळपास सारख्याच संख्येनं असतात. फरक त्यातून निघणाऱ्या मेलॅनिनच्या कणांचा. हे कण पेशीच्या गाभ्यावर छत्री धरतात आणि उन्हापासून त्याला वाचवतात. रस्त्यावर, शेतात, बांधकामावर राबणाऱ्याच्या अंगावरची ही छत्री. तिची लाज वाटून घ्यायला आपल्याला शिकवलंय.

काळ्या कातडीची स्वतःची दुखणी आहेत, तीही नीट समजून घ्या. पुटकुळी, भाजणं, खरूज, काहीही झालं की मागं काळा डाग राहतो. तो बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप फिका होतो. त्याला खाजवू नये, त्यावर लिंबू चोळू नये. वांग उन्हानं वाढतो, म्हणून ऊन टाळणं, पदर-रुमाल बांधणं हा पहिला उपाय. नायलॉनच्या घासणीनं किंवा वज्रीनं अंग घासलं तर रंग उतरत नाही. उलट घासलेली जागा जास्त काळी पडते. मानेवर काळा, जाड, मखमली पट्टा दिसला तर तो मळ नव्हे. पुष्कळदा ती साखरेच्या आजाराची आगाऊ वर्दी असते. मान घासू नका, रक्त तपासा. किती पोरांना शाळेत "मान धुवून ये" म्हणून हाकललं असेल!

आणि विष अजून संपलेलं नाही. काही क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड खराब करतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका आजाराचे २२ रोगी तपासले. त्यातल्या १५ जणांत त्या आजाराचा एक विशिष्ट प्रकार निघाला आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. स्टिरॉइडचं सांगायचं तर, मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा हुकूम काढला. माझ्या बहिणीनं ट्यूब आणली ती या हुकुमानंतर.

०

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. नाव घेतलं, डरकाळी घेतली. 'काळं ते सुंदर' मात्र उंबऱ्याबाहेर ठेवलं. आपल्या वधू-वर मेळाव्यातले फॉर्म काढून बघा. शिक्षण, नोकरी, आणि खाली 'रंग'. गोरा, गव्हाळ, निमगोरा. काळा म्हणून कुणी लिहीतच नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेला पोरगा हा फॉर्म भरतो आणि त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हा चळवळीचा प्रश्न आहे. पुढच्या मेळाव्याच्या फॉर्मवरून 'रंग' हा रकाना काढून टाका. वस्तीतल्या मेडिकलवाल्याला २०१८ चा हुकूम दाखवा. नाही ऐकलं तर औषध प्रशासनाकडं लेखी तक्रार करा. ज्या क्रीमवर आतल्या द्रव्यांची नावं नाहीत ती घरात येऊ देऊ नका.

माझ्या बहिणीचं तोंड सुधारायला वर्षावर गेलं. अजून उन्हात लाल होतं. रविवारी ती विहारात बसते. बायका पिशवीतून आपापल्या ट्यूब काढतात आणि ती बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवते. परवा एक म्हातारी म्हणाली, "बाय, आमच्या बापजाद्यांनी ढोरांची कातडी सोलली, आन तुम्ही पोरी सवताचीच सोलायला लागलाव व्हय?"

तो पोरगा अजून भाषणं करतो. हा अंक त्यालाही पाठवतोय.

जय भीम.