मासुंदा तलावातील प्राणिप्लवक : नगरेतिहासाचे एक साधन

ठाण्याच्या इतिहासलेखनात मासुंदा तलावाचा उल्लेख प्रामुख्याने शिलाहार काळ आणि काठावरील कौपिनेश्वर मंदिर यांच्या संदर्भात येतो. तलावातील पाण्याचा इतिहास मात्र उपेक्षित राहिला. या दृष्टीने ठाण्याच्या बांदोडकर विज्ञान महाविद्यालयातील प्राणिशास्त्रज्ञ डॉ. माधुरी पेजावर यांचे संशोधन महत्त्वाचे ठरते. वैशाली सोमाणी यांच्यासह त्यांनी मासुंदातील रोटिफर (२००३) व कवचधारी प्राणिप्लवक (२००४) यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केले.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू शैवालाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे दुपारी वाढतो आणि पहाटे घटतो. त्यामुळे एका वेळचे मापन फसवे ठरू शकते. प्लवकांचा समूह मात्र मागील काही काळाची स्थिती दर्शवितो. जीवाणू व सूक्ष्म शैवालावर जगणारे रोटिफर सेंद्रिय द्रव्ये वाढलेल्या पाण्यात सहसा विपुल आढळतात.

तलावाचे सुशोभीकरण डोळ्यांना दिसते, त्यातील जीवसृष्टीत झालेला बदल दिसत नाही. तो पडताळण्यासाठी पूर्वीची नोंद लागते. म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकांनी अशा शोधनिबंधांकडे शिलालेखाइतक्याच गांभीर्याने पाहणे आवश्यक आहे. ज्या तलावाची नोंद नाही, त्याचा ऱ्हास सिद्ध करणेही कठीण होते.