यवतमाळचा उन्हाळा आणि टर्बो इंजिनाची हवा

यवतमाळ जिल्ह्यातील यंत्रांचा इतिहास लिहावयाचा म्हटले, की लेखणी आपोआप ‘शकुंतले’कडे वळते. मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंद लोहमार्ग कापसाच्या वाहतुकीसाठी १९०३ मध्ये सुरू झाला आणि त्यावर १९९४ पर्यंत बाष्पइंजिन धावले. त्या इंजिनास वैशाखातील हवेचे फारसे भय नव्हते. चिंता असे ती पाण्याची. डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. त्याची शक्ती आत घेतलेल्या हवेच्या घनतेवर अवलंबून असते. तथापि या हवेकडे आपल्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये इंजिनातून वाया जाणाऱ्या वायूंच्या बळावर हवा दाबून भरण्याच्या कल्पनेचे पेटंट घेतले. डिझेल इंजिनावर तिला यश लाभावयास १९२५ साल उजाडावे लागले. तेव्हा शक्ती चाळीस टक्क्यांहून अधिक वाढली. परंतु हवा दाबली की ती तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेण्याचाच हा प्रकार होय.

यवतमाळच्या मे महिन्यातील ४५ अंश सेल्सियसची हवा घेऊन तिचा दाब दुप्पट केला, व संपीडकाची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली, तर ती सुमारे १४५ अंशांवर जाते. मग घनता दुप्पट न होता जेमतेम दीडपट होते. हीच हवा ८० अंशांपर्यंत निववली, तर घनता १.८ पट भरते. शिवाय ज्वलनाचे तापमान उतरल्याने नायट्रोजनची ऑक्साइडे कमी निर्माण होतात. भारतीय रेल्वेने १९६२ पासून आणलेल्या २६०० अश्वशक्तीच्या अल्को इंजिनांत हे काम पाण्याने थंड होणारा ‘आफ्टरकूलर’ करीत असे.

ट्रकवाले मात्र याच भागास ‘इंटरकूलर’ म्हणतात. भाषेच्या अभ्यासकास हा भेद सोडवत नाही. ‘इंटर’ हे पद मूळचे अनेक टप्प्यांच्या संपीडकातले. तेथे दोन टप्प्यांच्या मधे हवा निववीत. टप्पा एकच उरला तरी नाव टिकले. रेल्वेचा शब्द काटेकोर, ट्रकवाल्यांचा जुना. चूक कोणताच नव्हे, असे माझे मत आहे.

वणी तालुक्यातील उकणी, घोन्सा येथील उघड्या कोळसाखाणींत हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. अशा खाणींतील अवजड डंपर टर्बोयुक्त डिझेल इंजिनांवर चालतात. वर ऊन, भोवती कोळशाची धूळ. हवेने थंड होणाऱ्या कूलरच्या पाकळ्यांत ती बसली, की निववण मंदावते, चढावर जोर कमी पडतो, धूर काळा होतो. आणि संशय प्रथम डिझेलवर घेतला जातो.