राज्यशास्त्रातील पीएच.डी. प्रवेश : पात्रता, परीक्षा आणि संशोधनाचा प्रश्न

बन्नूर (म्हैसूर) : राज्यशास्त्र विषयात पीएच.डी. करू इच्छिणारे विद्यार्थी सर्वप्रथम चौकशी करतात ती गुणांची टक्केवारी आणि प्रवेश परीक्षा यांची. या अटी नियमांत स्पष्ट नमूद आहेत. मात्र त्या पूर्ण करणाऱ्या अनेक उमेदवारांमधून निवड होते, तेव्हा दोन बाबी निर्णायक ठरतात : उमेदवाराने मांडलेला संशोधनाचा प्रश्न आणि त्या विषयाच्या मार्गदर्शकाकडील रिक्त जागा. यांपैकी पहिली बाब समजून घेण्यासाठी कर्नाटकातील बन्नूर या लहान शहराचे उदाहरण उपयुक्त आहे.

पात्रता

पीएच.डी. प्रवेशासाठी सध्या विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार पदव्युत्तर पदवीस किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमानंतर थेट प्रवेश घ्यावयाचा असल्यास किमान ७५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, उन्नत गटात न मोडणारे इतर मागासवर्गीय, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. नोकरी करीत अर्धवेळ संशोधन करण्यास मुभा आहे. त्यासाठी नियोक्त्याचे ना हरकत प्रमाणपत्र सादर करावे लागते. दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने मात्र पीएच.डी. करता येत नाही.

परीक्षा

शैक्षणिक वर्ष २०२४-२५ पासून नेट परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जातात. नेटचे उमेदवार तीन गटांत विभागले जातात. पहिल्या गटातील उमेदवार कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती म्हणजेच जेआरएफ, सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश या तिन्हींसाठी पात्र असतात. त्यांची प्रवेशासाठीची निवड मुलाखतीवर होते. दुसरा गट सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेशासाठी, तर तिसरा केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र असतो. या दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार असून त्यांचे गुण प्रवेशासाठी एक वर्षच ग्राह्य असतात.

नेटमध्ये एकूण १५० प्रश्न आणि ३०० गुण असतात. पहिला पेपर अध्यापन व संशोधन अभियोग्यतेचा, तर दुसरा विषयाचा असतो. काही विद्यापीठे स्वतःची प्रवेश परीक्षाही घेतात. अशा परीक्षेत निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. त्यामुळे ज्या विद्यापीठात अर्ज करावयाचा, त्याची त्या वर्षाची अधिसूचना पाहणे अनिवार्य ठरते.

मार्गदर्शक

प्राध्यापकाला एका वेळी जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. सेवानिवृत्तीस तीन वर्षांपेक्षा कमी कालावधी उरलेल्या अध्यापकास नवे संशोधक घेता येत नाहीत. परिणामी, चांगले गुण असूनही आपल्या विषयाचा मार्गदर्शक उपलब्ध नसल्यास प्रवेश अडतो. अर्जापूर्वी विभागातील अध्यापकांचे प्रकाशित लेखन वाचणे आणि रिक्त जागांची यादी तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

विषयाकडून प्रश्नाकडे

बन्नूर हे टी. नरसीपूर तालुक्यातील शहर म्हैसूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. येथील विद्यार्थ्याला जवळचे एक विद्यापीठ म्हणजे १९१६ मध्ये स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ. त्याच्या मानसगंगोत्री परिसरात पदव्युत्तर विभाग आहेत. अशा विद्यार्थ्याने ‘कर्नाटकातील निवडणुकांचे राजकारण’ असा विषय दिला, तर तो एका प्रबंधात मावणारा नसतो आणि त्यातून नेमके काय शोधावयाचे हेही स्पष्ट होत नाही.

बन्नूर हा पूर्वी स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. मतदारसंघांच्या फेररचनेत तो संपुष्टात आला आणि मे २००८ ची निवडणूक नव्या रचनेनुसार झाली. राज्यातील एकूण जागा २२४ च राहिल्या. मतदारसंघ गमावलेल्या शहराची राज्य सरकारकडे दाद मागण्याची क्षमता घटते का, स्थानिक नेतृत्व कोणत्या मार्गाने टिकून राहते, हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकतो. निवडणूक आयोगाची आकडेवारी, परिसीमन आयोगाचे आदेश, नागरी स्वराज्य संस्थेची इतिवृत्ते, स्थानिक कन्नड वृत्तपत्रे आणि कार्यकर्त्यांच्या मुलाखती ही त्याची साधने आहेत. काळ, स्थळ आणि पुरावा निश्चित झाल्याने असा आराखडा तपासता येतो.

हाच प्रश्न महाराष्ट्रातही विचारता येतो. तेथे २००९ ची विधानसभा निवडणूक नव्या रचनेनुसार झाली आणि मालवण, संगमेश्वर यांसारखे मतदारसंघ नकाशावरून गेले. लोकसभेच्या जागांची राज्यनिहाय विभागणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठविण्यात आलेली असल्याने या विषयाला राष्ट्रीय संदर्भही आहे. मुलाखतीत बहुधा विचारले जाते ते हेच : प्रश्न नवा आहे का, पुरावा मिळेल का आणि आधीच्या संशोधकांनी काय म्हटले आहे. यापूर्वीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

भाषा

राज्यशास्त्राची नेट प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीतच असते. प्रबंध कोणत्या भाषेत लिहिता येईल, हे संबंधित विद्यापीठाचे नियम ठरवतात. महाराष्ट्रातील विद्यापीठांत राज्यशास्त्राचे प्रबंध मराठीतही सादर झाले आहेत. बेळगाव, निपाणी परिसरातील किंवा अन्य राज्यांतील मराठी विद्यार्थ्यांनी ही बाब अर्जापूर्वीच लेखी स्वरूपात जाणून घेणे हिताचे असते.

कालावधी आणि विद्यावेतन

पीएच.डी.चा कालावधी किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीद्वारे आणखी २ वर्षे मिळू शकतात. महिला तसेच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्याव्यतिरिक्त २ वर्षांची सवलत असून त्यांच्यासाठी एकूण मर्यादा १० वर्षे आहे. महिलांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती अथवा बालसंगोपन रजा घेता येते. प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रकाशित करण्याची सक्ती २०२२ च्या विनियमांत नाही.

जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे विद्यावेतन पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे. जेआरएफसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० वर्षे असून महिला व राखीव प्रवर्गांना ५ वर्षांची सवलत आहे. शिष्यवृत्ती नसलेल्या संशोधकाला क्षेत्रभेटी, प्रवास आणि उदरनिर्वाहाचा खर्च स्वतः उभारावा लागतो.

सहायक प्राध्यापकपदासाठी १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. त्यामुळे केवळ पहिली नोकरी हा हेतू असल्यास पीएच.डी. हा एकमेव मार्ग उरलेला नाही. सहा वर्षांपर्यंत ज्या प्रश्नाचा पाठपुरावा करण्याची तयारी आहे, असा प्रश्न हाती असणे हीच अर्जाची भक्कम पूर्वतयारी ठरते.