स्टेअरिंग कण्हतंय? एका आवाजाचा शंभर वर्षांचा इतिहास

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लेखी.

अंजनगाव सुर्जीचं नाव इतिहासात येतं ते 30 डिसेंबर 1803 च्या तहामुळे. एका बाजूला दौलतराव शिंदे, दुसऱ्या बाजूला इंग्रजांकडून आर्थर वेलस्ली. त्यावर वेगळा भाग करू. आज त्याच गावच्या रस्त्यावरचा एक आवाज घेतलाय. जुनी बोलेरो किंवा सुमो बाजारातल्या गर्दीत वळवायला घेतली, की बोनेटखालून 'घूंऽऽ' असं ऐकू येतं. सरळ चालताना काही नाही. मागचा कुणीतरी विचारतोच, "काहून कण्हून राह्यली बे गाडी?" आणि उत्तर येतं, "जुनी हाय ना भाऊ, चालते."

पण आवाज वळतानाच का येतो? त्याचं उत्तर 1920 च्या दशकात अमेरिकेत सापडतं. तेव्हा ट्रकचं स्टेअरिंग फिरवणं म्हणजे अंगमेहनतीचं काम. पिअर्स-अ‍ॅरो कंपनीत काम केलेल्या फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअरने तेलाच्या दाबाने चाकं वळवायचं ठरवलं. अडचण अशी, की दाब सतत धरून ठेवला की तेल कुठून ना कुठून गळायचं. डेव्हिसने झडप उघडीच ठेवली! गाडी सरळ असताना तेल नुसतं फिरत राहतं, दाब जवळपास नसतो. स्टेअरिंग वळवलं की झडप वाट अडवते आणि तेवढ्यापुरता दाब वाढतो. 1926 मध्ये त्याने ही गाडी डेट्रॉइटला नेऊन जनरल मोटर्सला दाखवली. करार झाला, पण 1934 मध्ये मंदीच्या दिवसांत खर्च परवडेना म्हणून कंपनीने हात आखडता घेतला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांना ही सोय मिळाली, आणि विकत घेता येणाऱ्या मोटारीत ती आली 1951 च्या क्रायस्लर इम्पिरियलमध्ये.

आता कळलं? वळवलं की दाब वाढतो, पंपावर जोर येतो, आणि पंपात काही कमी असेल तर तो तेव्हाच बोंबलतो.

कमी कसलं? बहुतेक वेळा तेलाचं. इथे गोष्टीत एक जहाज येतं. 1894 मध्ये इंग्लंडमध्ये चार्ल्स पार्सन्सचं 'टर्बिनिया' पाण्यात उतरलं. इंजिन जबरदस्त, पण वेग मिळेना. पंखा इतका जोरात फिरत होता की पात्यांमागे पाण्यात पोकळ्या तयार होत होत्या. पार्सन्सने काचेची खिडकी असलेली टाकी बनवून ते बुडबुडे डोळ्यांनी पाहिले, मग पंख्यांची रचना बदलली. 1897 मध्ये त्याच जहाजाने इंग्रजी आरमाराच्या संचलनात सगळ्यांना मागे टाकलं. आपल्या पंपातही हेच होतं. तेल कमी पडलं की ओढणाऱ्या बाजूला बुडबुडे होतात, दाबाच्या बाजूला फुटतात आणि धातूवर हातोडीसारखे बसतात. कण्हण्याचा आवाज तिथला. दुर्लक्ष केलं तर पंपाच्या आतला धातू झिजतो आणि तो चुरा तेलातून पुढे स्टेअरिंग गिअरपर्यंत जातो.

आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर, फियाट, सुरुवातीची मारुती 800 या सगळ्या हाताच्या जोरावर वळायच्या. 1981 मध्ये पुण्याची झेडएफ स्टेअरिंग गिअर ही कंपनी जर्मन तंत्रज्ञान घेऊन उभी राहिली आणि शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला ट्रक-बसची पॉवर स्टेअरिंग बनू लागली. तिकडे जपानमध्ये 1988 मध्ये सुझुकीने सर्व्हो गाडीत विजेवरचं स्टेअरिंग आणलं. त्यात ना तेल, ना पंप. आजच्या बहुतेक छोट्या गाड्या त्याच वाटेवर आहेत. म्हणजे तुमच्या नव्या गाडीत हा 'घूं' नसेलच. पण काकांच्या बोलेरोत नक्की असू शकतो.

तर मिस्त्रीकडे जायच्या आधी कान लावा.

'घूं' असं कण्हत असेल तर तेलाची डबी उघडा. पातळी खुणेच्या खाली आहे का? तेलाला फेस आलाय का? फेस म्हणजे हवा शिरतेय, आणि ती बहुधा डबीकडून पंपाकडे येणाऱ्या पाइपच्या ढिल्या क्लिपमधून. तेल काळं पडून जळका वास येत असेल तर ते बदलायलाच झालंय.

'चीं' असा किंचाळला तर पट्टा ढिला किंवा झिजलेला. खड्ड्यात 'खट्' वाजलं तर ते तेलाचं काम नाही, बॉल जॉइंट किंवा टाय रॉड बघा. पूर्ण वळवल्यावर हलकं 'स्स्स' येणं साधारण चालतं, फक्त स्टेअरिंग शेवटाला पाच सेकंदांहून जास्त दाबून धरू नका.

नुसतं तेल ओतून भागत नाही, हवा काढावी लागते. गळती आधी बंद करा. पुढची चाकं जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, मधेमधे तेल भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा तेच. तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घ्या. ब्रेक ऑइल चुकूनही नको, रबरी सील फुगून बाद होतात.

हे करूनही आवाज राहिला तर पंप गेलाय असं समजा आणि गाडी मिस्त्रीकडे द्या. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा असेल तर त्याच्या आधीच. तेल संपलं किंवा पट्टा तुटला तरी चाकं वळतात, पण सगळा जोर तुमच्या दंडातून लागतो, आणि तो जोर अचानक, वळणावर, मागे बाकीची मंडळी बसलेली असताना लावावा लागतो.

या रविवारी घरची जुनी गाडी थंड असताना डबीचं झाकण उघडून तेलाची पातळी बघा, आणि काय दिसलं ते कळवा. पुढच्या भागात भेटू!