गिरणगावाची सायकल

सायकलस्नेही शहर म्हटले की आपल्याला ॲम्स्टरडॅम आठवते, फार तर जुने पुणे. मुंबईचे नाव कोणी घेत नाही. पण मंडळी, लालबाग-परळचा इतिहास पाहिला, तर या शहराचा एक मोठा तुकडा कोणी न ठरवताही सायकलला सोयीचा होता असे दिसते.

1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला कापडगिरणी काढली. पुढे गिरण्यांची रांग भायखळा, लालबाग, परळ, वरळीपर्यंत पोचली. गिरणीभोवती चाळी आल्या, चाळीखाली दुकाने, खानावळी, व्यायामशाळा. मदनपुऱ्यातला मोमीन विणकर काय आणि लालबागचा कोकणी साचेवाला काय, बहुतेक जण भोंगा झाला की पायीच कामावर जात. पाळी संपल्यावर दादरचा बाजार किंवा गिरगावातले नातलग गाठायला सायकल पुरे. जमीन बरीचशी भराव घालून केलेली, म्हणून सपाट. चढ म्हणाल तर करी रोडचा नाहीतर चिंचपोकळीचा पूल. तिथे उतरायचे आणि सायकल ढकलत न्यायची. रस्त्याची चाल ट्रामची होती. ट्रामच्या रुळात चाक अडकायची भीती असे, हेही खरे. 31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम धावली.

सायकल ही तेव्हा गरिबाची मजबुरी नव्हती, हौसही होती. 1923 साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलवरून जगाच्या प्रवासाला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. वरळीत तर हिंद सायकल्सचा कारखानाच होता. 1980 साली सरकारने तो ताब्यात घेतला. आज कारखाना नाही; हिंद सायकल मार्ग हे नाव तेवढे आहे.

मग बिघडले कुठे? मोटारी वाढल्या, हे उत्तर अपुरे आहे. मोटारी हॉलंडमध्येही वाढल्या होत्या. 1971 साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक लहान मुले. आईबाप रस्त्यावर उतरले, पाठोपाठ 1973 चे तेलसंकट आले आणि सरकारला धोरण बदलावे लागले. म्हणजे ॲम्स्टरडॅमची सायकल भांडून मिळवलेली आहे.

आपल्याकडे रस्त्यावर उतरले ते गिरणी कामगार, पोटासाठी. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, जमिनींवर मॉल आणि टॉवर चढले, आणि चाळीतली पुढची पिढी विरार, डोंबिवली, बदलापूरला गेली. घर आणि काम यांच्यात लोकलचा दीड तास आला. तिथे सायकल काय करणार? माझ्या मते गिरणगावातली सायकल हरली ती या अंतरापुढे. मोटारींचा नंबर त्यानंतरचा.

नवे रस्ते झाले तेही तिला वगळून. 2009 चा सागरी सेतू आणि 2024 चा किनारी मार्ग यांवर सायकललाच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. किनारी मार्गाच्या कडेला फेरफटक्याची वाट आहे, पण ती हवा खाण्यासाठी. डिसेंबर 2017 मध्ये महापालिकेने नरिमन पॉइंट ते वरळी असा सायकल ट्रॅक सुरू केला होता. कधी? तर रविवारी सकाळी.

सायकलवर पोट असणाऱ्याचा दिवस मात्र वेगळा असतो. पहाटे अजानच्या सुमारास बेकऱ्यांतून पाववाले निघतात, मग दूधवाले, पेपरवाले. दहानंतर डबेवाले; हँडलपासून कॅरिअरपर्यंत डबे टांगलेले, साधी, बिनगिअरची सायकल. या लोकांनी ट्रॅक मागितल्याचे मी ऐकलेले नाही. ते बसच्या मागून, टॅक्सीच्या बाजूने वाट काढतात आणि शहर जेवते. सायकलचा आराखडा करणाऱ्यांनी आधी त्यांना विचारावे. दादर स्थानकाबाहेर सायकल कुठे लावता? परळच्या पुलाखाली सिग्नल किती वेळ पुरतो? पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की कोणत्या गल्लीने जाता?