तिऱ्हाइताचा हक्क

रस्त्याच्या कडेनें चाललेल्या माणसाला मोटारीनें ठोकरलें, त्याचा पाय मोडला, तीन महिने तो अंथरुणाला खिळून राहिला. तर औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेली कमाई त्याला कोणीं द्यावी? सुशिक्षित वाचक चटकन् उत्तर देईल कीं, विमा कंपनीनें. हें उत्तर आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं, त्यांतलें नवल ध्यानांतच येत नाहीं. विमा हा मोटारीचा मालक व कंपनी या दोघांमधला करार. हप्ता मालकानें भरला, वचन मालकाला मिळालें. जखमी माणसाची त्या कागदावर सही नाहीं कीं नांव नाहीं. त्या व्यवहारांत तो निव्वळ तिऱ्हाईत. दोघांच्या करारावर तिसऱ्यानें हक्क सांगूं नये, हा तर इंग्रजी कायद्याचा जुना दंडक. मग हा तिऱ्हाईत कंपनीच्या दारांत हक्कानें उभा राहिला कसा? या कथेचा पूर्वार्ध इंग्लंडांत घडला; उत्तरार्ध आपल्याकडे अद्यापि चालू आहे.

मोटारीच्या पूर्वीं घोडागाड्या होत्या, आणि त्याही उलटत. इ. स. १८०८ सालीं लंडनमध्यें एका खानावळवाल्यानें फिर्याद लावली. तो व त्याची पत्नी ज्या गाडीच्या टपावर बसून प्रवास करीत होतीं ती उलटली. त्याला खरचटलें, मुका मार लागला, पण पत्नी सुमारें महिन्याभरानें इस्पितळांत वारली. खानावळीचा पुष्कळसा भार तीच वाहत असे. न्यायाधीश लॉर्ड एलनबरो यांनीं पंचांना बजावलें कीं, मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत दाद मागण्याजोगी हानि नव्हे. पत्नीच्या सहवासाला फिर्यादी मुकला त्याची भरपाई तिच्या शेवटच्या श्वासापर्यंतचीच, पुढची नाहीं. महिन्याभराचा हिशेब झाला आणि जन्माचा हिशेब बंद झाला!

याच्या शेजारीं १८४२ सालचा एक खटला ठेवून पाहण्यासारखा आहे. पुढचे पाय बांधून रस्त्यावर चरावयास सोडलेलें एक गाढव भरधांव गाडीखालीं चेंगरून मेलें. गाढव असें सोडणें ही मालकाचीच हयगय होती; तरीही गाडीवानाला तें चुकवितां आलें असतें, या कारणास्तव न्यायालयानें मालकाला भरपाई देवविली. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला हयगयीच्या तत्त्वासाठीं शिकवितात. मला मात्र तो वाचतांना प्रत्येक वेळीं त्या खानावळवाल्याची आठवण होते.

हा विरोध आगगाडीनें असह्य केला. पूर्वीं एखादा अपघात घडला तर एखादें घर बुडे. आतां एकाच क्षणीं दहा घरें उघडीं पडूं लागलीं. इंग्लंडांत एक मध्ययुगीन रूढि शिल्लक होती : ज्या वस्तूमुळें माणूस मेला ती वस्तु, किंवा तिची किंमत, देवाच्या नांवें सरकारजमा करावयाची. १८४१ सालीं ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या एका भीषण अपघातानंतर चौकशीच्या पंचांनीं इंजिन व डबे यांवर हजार पौंडांचें असें देवदान बसविलें. पुढें तें टिकलें नाहीं. टिकलें असतें तरी त्यांतली दमडीही विधवांच्या हातीं पडली नसती. अखेर १८४६ सालीं पार्लमेंटनें हें देवदान रद्द केलें, आणि त्याच वर्षीं लॉर्ड कॅम्बेल यांच्या पुढाकारानें मृताच्या पत्नीला, पतीला, आईबापांना व मुलांना भरपाईचा हक्क देणारा कायदा केला. आपल्याकडे १८५३ सालीं बोरीबंदर ते ठाणें आगगाडी धांवली, आणि १८५५ सालीं त्याच धर्तीचा प्राणघातक अपघातांचा कायदा झाला.

तथापि हक्क असणें वेगळें आणि रुपये हातीं पडणें वेगळें. आगगाडीच्या मागें श्रीमंत कंपनी उभी असे. मोटारीच्या मागें कोण असेल याचा नेम नाहीं. १८९६ च्या ऑगस्टांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसजवळ ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखालीं सांपडून मेली. ब्रिटनमधील मोटारीचा पहिला पादचारी बळी म्हणून तिची नोंद आहे. चौकशींत निर्णय झाला तो निव्वळ अपघाताचा. तीस-पस्तीस वर्षांत असे बळी ब्रिटनमध्यें दरवर्षीं सात हजारांवर गेले. चालक पुष्कळदां कफल्लक असे. हुकूमनामा मिळे, वसुली मिळत नसे.

पण खरी विटंबना पुढेंच आहे. १९२७-२८ च्या सुमारास एका पादचाऱ्याला एका कंपनीच्या मोटारीनें जखमी केलें. त्यानें दावा जिंकला. कंपनीनें विमाही उतरविलेला होता, आणि विमेदारांनीं पैसे खळखळ न करतां मोजले. परंतु मधल्या काळांत मोटारीची कंपनी बुडीत निघालेली! विम्याचे पैसे गेले तिचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, आणि न्यायालयानें सांगितलें कीं, हे पैसे कंपनीच्या इतर मालमत्तेसारखेच; जखमी माणसानें बाकीच्या धनकोंबरोबर रांगेंत उभें राहावें. ज्याच्या मोडलेल्या हाडांमुळें ही रक्कम जन्मास आली त्याला चतकोर, आणि बाकीची छापखानेवाल्यांना, तेलवाल्यांना व सावकारांना. न्यायाधीशांनाही हें गोड वाटलें नाहीं; पण कराराचा दंडक आड आला.

त्याला उत्तर १९३० सालीं पार्लमेंटनें दिलें. एका कायद्यानें, विमा उतरविणारा दिवाळखोर झाल्यास त्याचा कंपनीवरील हक्क थेट जखमी तिऱ्हाइताकडे जावा असें ठरविलें. दुसऱ्यानें तिऱ्हाइतासाठीं विमा उतरविल्यावांचून रस्त्यावर मोटार आणणें हाच गुन्हा केला. (याच दुसऱ्या कायद्यानें मोटारींची वेगमर्यादाही उठविली, राजकारणी लोकांचा हिशेब एका हातानें देऊन दुसऱ्यानें घेण्याचा असतो.) १९३४ सालीं आणखी एक पाऊल पडलें : हुकूमनामा मालकावर झाला तरी रक्कम विमा कंपनीनेंच भरावी.

हाच सांचा आपल्या १९३९ च्या मोटार वाहन कायद्यांत उतरला. मात्र सक्तीच्या विम्याचें प्रकरण प्रत्यक्ष अमलांत आलें तें १ जुलै १९४६ रोजीं. पुढें १९५६ च्या दुरुस्तीनें दिवाणी न्यायालयाच्या जागीं स्वतंत्र न्यायाधिकरणें आणिलीं, म्हणजे दाव्याच्या रकमेच्या प्रमाणांत वाढणाऱ्या स्टँपाचा बोजा गरिबावर पडूं नये. विमा कंपन्यांनींही वाटा शोधल्या. एका खटल्यांत चालक चालू ट्रक बिनपरवान्याच्या क्लीनरच्या भरंवशावर सोडून उतरला. क्लीनरनें तो हांकला आणि अपघात झाला. परवाना नव्हता, सबब आम्ही सुटलों, असें कंपनीचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें १९८७ सालीं तें झिडकारलें : अट मोडली असेल ती मालकानें जाणूनबुजून मोडली होती काय, हें पाहिलें पाहिजे. २००४ पर्यंत हा विचार पक्का झाला : आधीं जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा.

हयगय सिद्ध करण्याची अडचण याहून चिवट. रात्रीं पडलेल्या माणसानें साक्षीदार कोठून आणावा? मुंबई उच्च न्यायालयानें हयगय सिद्ध न होतांही भरपाई देतां येईल असें उदार मत दिलें होतें. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयाला तें पटलें नाहीं. मग १९८२ सालीं कायदाच बदलला, आणि दोष कोणाचाही असो, मृत्यूस १५,००० व कायमच्या अपंगत्वास ७,५०० रुपये ठरले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हे आंकडे मृत्यूस पांच लाख व गंभीर दुखापतीस अडीच लाख आहेत.

‘तिऱ्हाईत’ या शब्दाला मात्र कुंपणें आहेत, आणि तीं आपल्या घराच्या अगदीं जवळचीं आहेत. मालवाहू टेंपोंत बसून लग्नाला निघालेलें वऱ्हाड कायद्याच्या सक्तीच्या विम्यांत येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निर्णयावरून निघतें. २००६ च्या निर्णयाप्रमाणें, विमा केवळ कायद्यापुरता असेल तर दुचाकीवर मागें बसलेलाही त्यांत येत नाहीं. विमापत्र घेतांना दोनचारशें रुपये वाचविणाऱ्या गृहस्थानें मागें कोण बसतें याचा विचार केलेला नसतो.

आणि मुदत. अर्ज सहा महिन्यांत करावा ही अट १९९४ सालीं काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीनें ती पुन्हां आणली, व १ एप्रिल २०२२ पासून ती अमलांत आली. तिजविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. ज्या घरांतला कर्ता पुरुष इस्पितळांत निपचित पडला आहे त्या घराला सहा महिने म्हणजे किती, हें कायदा करणारांना कोणीं सांगावें?

एक प्रश्न तर थेट १८०८ सालापर्यंत जाऊन भिडतो. जखमी माणूस दावा चालू असतां वारला, पण त्या जखमेनें नव्हे, तर त्याचा हक्क त्याच्याबरोबर जळतो काय? आपल्या वारसा कायद्याचीं जुनीं अक्षरें जळतो असेंच सुचवितात. १९९९ सालीं जखमी होऊन अनेक वर्षें दावा लढविलेल्या एका माणसाच्या प्रकरणांत २०२१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निवाडा दिला : वेदनांची भरपाई त्याच्याबरोबर गेली, पण बुडालेली कमाई आणि औषधांवर झालेला खर्च ही त्याच्या मिळकतीची हानि, आणि ती वारसांना मिळाली पाहिजे.